साध्या मुरुमांना तोफ, भयंकर मुरुमांना हळद

“डॉक्टर, पिंपल्सवर एखादं चांगलं क्रीम सांगा ना.”

हा प्रश्न मला दवाखान्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटी स्टँडवर विचारतात आणि व्हॉट्सॲपवर तर रोजच. ज्याला मुरूम आहेत तो चेहरा बऱ्याचदा समोरही नसतो. “माझ्या भाचीला आहेत हो, ती नागपूरला असते. तुम्ही फक्त नाव सांगा.”

प्रश्न साधा वाटतो, पण मुरुमांच्या उपचारात जी काही वाट लागते, तिची सुरुवात याच प्रश्नापासून होते असं माझं स्पष्ट मत आहे. चष्म्याच्या दुकानात जाऊन “एक चांगला चष्मा द्या, नंबर कशाला बघताय?” असं कोणी म्हणत नाही. मुरुमांच्या बाबतीत मात्र आपण रोज तेच म्हणतो, आणि काउंटरपलीकडचा माणूस बिननंबरचा चष्मा आपल्या हातात ठेवतोही.

मुरुमांच्या औषधालाही नंबर असतो. आम्ही त्याला तीव्रता म्हणतो. मुरूम सौम्य आहेत, मध्यम आहेत की तीव्र, हे आधी ठरतं आणि मग औषध ठरतं. प्रत्यक्षात उलटं चाललेलं दिसतं. नाकावर चार ब्लॅकहेड आणि हनुवटीवर दोन पुटकुळ्या असलेल्या मुलीला अँटिबायोटिकच्या गोळ्या, पील आणि पार्लरचं पॅकेज. आणि पाठभर गाठी उठलेल्या मुलाला मुलतानी माती, हळद आणि “वयाचं आहे, जाईल आपोआप”. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नुकसान दोघांचंही होतं. पण पहिल्या मुलीचे पैसे जातात, कातडी काही दिवस बिघडते. दुसऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर आणि पाठीवर पडलेले खड्डे आयुष्यभर राहतात.

मुळात होतं काय?

आपल्या कातडीला बारीक छिद्रं असतात. त्यातून केस वर येतो आणि केसाच्या मुळाशेजारी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन नावाची हार्मोन्स वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही, आणि या ग्रंथी जास्त तेल बनवू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतले मृत पेशींचे कण सुटून बाहेर पडण्याऐवजी तेलात चिकटून बसतात आणि त्यांचं बूच तयार होतं. बुचाचं तोंड उघडं असेल तर तो ब्लॅकहेड, झाकलेलं असेल तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग हा मळ नव्हे, म्हणून तो कितीही घासला तरी जात नाही. अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू पोसले जातात. ते तिथेच कायम मुक्कामाला असतात, बाहेरून कुठून आलेले नसतात. मग सूज येते, लाल पुटकुळी उठते, पू धरतो. ही सूज छिद्राची भिंत फोडून खाली उतरली की दुखरी गाठ होते. आणि खोल गाठ बरी होते ती बहुतेकदा खड्डा ठेवूनच.

या सगळ्या कथेत रक्त खराब होणं कुठेही नाही. अंगातली उष्णता नाही. पोट साफ नसणंही नाही. तरीही घरोघरी मुरुमांच्या नावाने ‘रक्तशुद्धी’ची बाटली उघडली जाते आणि मुलाला जुलाब होतात. मुरूम आहेत तिथेच राहतात.

आहाराचा थोडासा हात आहे, तेवढं प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. साखर, मैदा, गोड पेयं अशा रक्तातली साखर झपकन वाढवणाऱ्या पदार्थांनी मुरूम वाढतात असे पुरावे आहेत. दुधाशीही काही अभ्यासांत संबंध दिसला आहे. जिममध्ये जाणाऱ्या मुलांना व्हे प्रोटीनचे डबे सुरू झाल्यावर मुरूम उठलेले दिसतात, आणि तिथेच कोणी चोरून स्नायू वाढवायची इंजेक्शनं देत असेल तर विचारूच नका. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरून तिथे पुटकुळ्या येतात, हेही खरं. या गोष्टी सुधाराव्यात. पण गाठी आलेल्या मुलाला “चॉकलेट बंद कर” एवढंच सांगून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे.

नंबर कसा काढायचा?

चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहा. मेकअप नको. फक्त ब्लॅकहेड, व्हाइटहेड आणि मोजक्या लाल पुटकुळ्या असतील तर मुरूम सौम्य. पुटकुळ्यांची संख्या जास्त असेल, बऱ्याच पिवळ्या तोंडाच्या, पू धरलेल्या असतील तर मध्यम. आता डोळे मिटा आणि गालावरून, जबड्यावरून हलकेच बोटं फिरवा. कातडीखाली दुखऱ्या गाठी हाताला लागत असतील तर ते तीव्र. शर्ट काढून पाठ आणि छातीही बघायची. मुलगे हे स्वतःहून कधीच दाखवत नाहीत, आई-वडिलांना तर कित्येकदा माहीतच नसतं. पांढऱ्या बनियनवर रक्ताचे आणि पुवाचे डाग दिसायला लागल्यावर घरात कळतं.

नुसत्या मोजदादीवर मात्र थांबायचं नाही. आणखी दोन गोष्टी नंबर वाढवतात. एक म्हणजे खड्डे. पुटकुळ्या दहाच आहेत, पण जाताना खड्डे पाडून जातायत, तर ते सौम्य नव्हे. दुसरी म्हणजे मनाची अवस्था. मुलगी कॉलेजला जायचं टाळते, फोटोत येत नाही, मुलगा मास्क काढायला तयार नाही, तर तेही गांभीर्यच. हे माझं भाबडेपण नव्हे. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही व्रण पडणं आणि मनावर, समाजात वावरण्यावर होणारा परिणाम ही जोरदार उपचार निवडण्याची कारणं म्हणून मांडलेली आहेत. “पिंपल्सचं काय एवढं घेऊन बसलीस?” असं म्हणणाऱ्या काका-मामांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

इथेच डाग आणि खड्डा यांतला फरकही समजून घ्या, कारण याच्यावरून फार पैसे उधळले जातात. मुरूम गेल्यावर मागे राहतो तो तपकिरी-काळा डाग. आपल्या सावळ्या कातडीला हे डाग चटकन पडतात. ते नुसते रंगाचे असतात, कातडी सपाट असते. नवे मुरूम थांबले आणि ऊन टाळलं, तर बहुतेक डाग काही महिन्यांत फिके होतात. खड्डा म्हणजे आतल्या कातडीचा ऱ्हास. तो क्रीमने भरत नाही. लेझर, सुया वगैरे उपायांनी थोडाफार सपाट होतो, पूर्ववत होत नाही. लोक मात्र डागांवर हजारो रुपये घालवतात आणि खड्डे पाडणाऱ्या गाठींकडे काणाडोळा करतात!

सौम्य मुरुमांना सौम्य औषध

सौम्य मुरुमांसाठी पुरेशी औषधं मोजकी आहेत आणि जुनी आहेत. एक आहे बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. अडीच टक्क्यांचं जेल जवळजवळ पाच आणि दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि जळजळ कमी करतं, त्यामुळे ‘स्ट्राँगवालं द्या’ हा हट्ट इथे व्यर्थ. टॉवेल आणि उशीचा अभ्रा मात्र पांढरा घ्या. रंगीत कापडाचा रंग हे औषध उडवतं.

दुसरं आहे अडापलीन. हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुटुंबातलं. छिद्रात बूच बनण्याची क्रियाच ते सुधारतं, म्हणजे रोगाच्या मुळाशी काम करतं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्याला पातळ पसरायचं. नुसतं पुटकुळीवर टिकली लावल्यासारखं लावायचं नाही, कारण ज्या जागी मुरूम महिन्याभराने येणार आहेत तिथलं बूच आत्ताच तयार होत असतं. पहिले दोन-चार आठवडे कातडी कोरडी पडते, थोडी सोलवटते, लाल होते. मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. इथेच अर्धी मंडळी ट्यूब फेकून देतात आणि “मला हे सूट झालं नाही” म्हणतात. पहिल्या पंधरवड्यात एक दिवसाआड लावा, जोडीला साधं मॉइश्चरायझर वापरा, दिवसा सनस्क्रीन लावा. आणि किमान बारा आठवडे थांबा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अडापलीन नको. अशा वेळी डॉक्टर ॲझेलेइक ॲसिडसारखी दुसरी औषधं देतात.

बस्स. एवढंच. दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवा. सौम्य मुरुमांना पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकची गरज नाही, वाफ देऊन, सुया टोचून ब्लॅकहेड उपसणाऱ्या फेशियलची नाही आणि सहा बैठकांच्या पॅकेजचीही नाही. लिंबू आणि खायचा सोडा तर चेहऱ्याला अजिबात दाखवू नका, टूथपेस्टही दातांनाच ठेवा. मराठीत रस्त्यावर टाकतात तोही मुरूम आणि चेहऱ्यावर येतो तोही मुरूम. काही जणांचे अक्रोडाच्या पुडीने घासून सोललेले गाल बघितले की या दोघांत गल्लत झाली असावी असं वाटतं.

बारा आठवडे थांबणं कोणाला परवडत नाही, हा खरा घोळ आहे. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असतं. आणि पंधरा दिवसांत चेहरा ‘क्लिअर’ करून देणारं एक क्रीम बाजारात असतंही.

ती ट्यूब

आता मी ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. मेडिकलमध्ये “पिंपल्सवर काहीतरी द्या” म्हटलं की जी ट्यूब पुढे सरकते, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. एक प्रकार म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड अशा तिघांचं मिश्रण. या कल्पनेचा उगम १९७५ सालचा. क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी असं मिश्रण काळ्या डागांसाठी, मुख्यतः वांगासाठी सुचवलं. वांगासाठी, मुरुमांसाठी नव्हे, आणि डॉक्टरच्या नजरेखाली ठरावीक काळासाठी. आपल्याकडे तेच ‘नाइट क्रीम’ म्हणून, ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून वर्षानुवर्षं लावलं जातं. दुसरा प्रकार त्याहून भयंकर. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये. गजकर्ण, मुरूम, खाज, काहीही असो, एकच ट्यूब!

हे इतकं खपतं कारण पहिले पंधरा दिवस ते खरोखर जादू करतं. स्टिरॉइड सूज दाबतं, लाली जाते, कातडी उजळ दिसते. मैत्रिणी नाव विचारतात. मग हळूहळू कातडी पातळ होते. उन्हात चेहरा लाल होऊन भगभगायला लागतो. गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसतात. मुलींच्या ओठांवर, हनुवटीवर लव वाढते. आणि ज्याच्यासाठी क्रीम आणलं होतं ते मुरूम, एकसारखे, बारीक, दाटीवाटीने पुन्हा येतात, कारण स्टिरॉइड स्वतःच मुरूम आणतं. घाबरून क्रीम बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा पेटल्यासारखा होतो. पुन्हा लावलं की शांत. म्हणजे सुटका नाही. आगीतून फुफाट्यात. या बिघाडाला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ असं नाव दिलं आणि त्याविरुद्ध मोहीमही चालवली. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा लावायच्या स्टिरॉइड औषधांना शेड्यूल एचमध्ये टाकलं. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

कायद्याने येत नाहीत. दुकानात येतात. माझं म्हणणं पटत नसेल तर आज संध्याकाळी घरातल्या मुलीच्या कपाटातली ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, डेक्सामेथासोन असं ‘सोन’ने संपणारं नाव असेल, किंवा क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन असं काही असेल, तर ते स्टिरॉइड आहे. ‘सोन’ दिसलं की ते सोनं नव्हे, एवढं लक्षात ठेवा. बरेच महिने लावत असाल तर मात्र एकदम बंद करून टाकू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, ते टप्प्याटप्प्याने सोडवतील.

मेडिकलवाल्यालाच का दोष द्यायचा, असंही कोणी म्हणेल. बरोबर आहे. या ट्यूबा लिहून देणारे आमच्या व्यवसायातलेही कमी नाहीत. पेशंटला पंधरा दिवसांत फरक हवा असतो, तो दिला की पेशंट खूश, शेजारणीलाही घेऊन येतो. बारा आठवड्यांची गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टरकडे गर्दी होत नाही. पण म्हणून नंबर न बघता चष्मा विकणं योग्य ठरत नाही. कंपन्यांना ही मिश्रणं बनवायला परवानगी का मिळते, हा प्रश्न तर मी कित्येक वर्षं विचारतोय.

मधल्या पायरीचं

मध्यम मुरुमांना लावायच्या औषधांच्या जोडीला पोटातून गोळी लागते, बहुधा डॉक्सीसायक्लिन. ती जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ऊन सोसत नाही, त्यामुळे दुचाकीवर दिवसभर फिरणाऱ्यांनी जपायचं. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. साधारण तीन महिन्यांनी थांबवायची आणि पुढे अडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड चालू ठेवायचं. नुसती गोळी घेऊन क्रीम न लावणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणं.

आपल्याकडे मात्र डॉक्सीसायक्लिनऐवजी अझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या खपतात. तीन गोळ्यांची पट्टी, आठवड्यातून तीन दिवस, महिनोन्‌महिने, आणि पुढे पेशंट स्वतःच आणतो. हे तेच औषध आहे जे आपण टायफॉइडसाठी वापरतो. चार पुटकुळ्यांसाठी घरातल्या, कॉलेजातल्या, हॉस्टेलातल्या जंतूंना त्याची सवय लावून ठेवायची आणि मग खरा आजार आला की औषध लागू पडत नाही म्हणून कपाळावर हात मारायचा! क्लिंडामायसिनचं जेल एकटंच लावत राहण्यालाही हाच आक्षेप. ते लावायचं तर बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या सोबतीने.

बाईचं वय पंचवीस-तीस आहे, मुरूम जबड्याच्या कडेने येतात, पाळी अनियमित आहे, हनुवटीवर केस वाढतायत, तर पीसीओएस तपासायला हवं. तिथे हार्मोन्सवरची औषधं लागतात. क्रीम बदलत बसून उपयोग नाही.

तीव्र मुरुमांना हळद लावणाऱ्यांसाठी

गाठी असलेल्या, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन हे औषध आहे. अमेरिकेत ते १९८२ साली मंजूर झालं, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनं. तेलाच्या ग्रंथी आकसवणारं, बूच बनणं थांबवणारं, जंतूंचं खाद्य तोडणारं आणि सूज कमी करणारं असं दुसरं एकही औषध आपल्याजवळ नाही. बहुतेकांचे मुरूम त्याने दीर्घकाळ, कित्येकांचे कायमचे थांबतात. तरीही त्याचं नाव काढलं की घरात सभा भरते. “ती गोळी फार गरम असते.” “लिव्हर जातं म्हणे.” “लग्नाला अडचण येईल.” “अजून सहा महिने काढ्यावर बघू.” हे सहा महिने कोणाच्या चेहऱ्यावर बघायचे? दर महिन्याला गाठी येतात, दर महिन्याला दोन खड्डे वाढतात. वयाबरोबर मुरूम कधीतरी जातीलही, खड्डे जाणार नाहीत. “लग्न झालं की जातात” म्हणणाऱ्यांनी लग्नाचे आणि दहा वर्षांनंतरचे फोटो शेजारी ठेवून बघावेत.

या औषधाची भीती घालणाऱ्यांचा मला राग आहे, तसा ते चणे-फुटाण्यांसारखं वाटणाऱ्यांचाही आहे. डोस वजनावर ठरतो. नेहमीच्या पद्धतीत एकूण कोर्स दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६००० ते ७५०० मिलिग्रॅम, रोज ३० मिलिग्रॅम घेतलं तर २०० ते २५० दिवस. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणलेल्या एका पट्टीने काय होणार, याचा हिशोब तुम्हीच करा. कोर्सआधी आणि मध्ये रक्तात लिव्हर आणि चरबीच्या तपासण्या करतात, म्हणजे त्या बाजूची भीती मोजून बघता येते. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, हे जवळपास सगळ्यांना होतं. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम उसळू शकतात. मन उदास वाटायला लागलं तर घरच्यांनी आणि डॉक्टरने ते ताबडतोब गांभीर्याने घ्यायचं. गोळी जेवणाबरोबर घ्यायची. सोबत डॉक्सीसायक्लिन नाही, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या नाहीत आणि कोर्स संपल्यावर महिनाभर रक्तदानही नाही.

आणि एक गोष्ट, जी आपल्या दवाखान्यांत लाजेपोटी बोलली जात नाही. या गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदूला, हृदयाला, चेहऱ्याला, कानांना गंभीर व्यंग येऊ शकतं. थोडाच डोस, थोडेच दिवस, असली कोणतीही सूट नाही. गर्भनिरोधन गोळी सुरू करण्याआधी एक महिना, गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना, असं हवं. सुरू करण्याआधी गरोदरपणाची तपासणी हवी. पण समोर वीस वर्षांची अविवाहित मुलगी, शेजारी तिची आई. डॉक्टर विचारत नाही, आई ऐकून घेणार नाही, मुलगी तोंड उघडत नाही. चिठ्ठी मात्र लिहिली जाते. आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगण्यात कसला आलाय संकोच? “आमच्या मुलीला असले प्रश्न विचारायची गरज नाही” असं म्हणणाऱ्या आयांना मी सांगतो की हे प्रश्न मुलीच्या चारित्र्याचे नाहीत, औषधाच्या गुणधर्माचे आहेत.

याच कहाणीची दुसरी बाजू लग्न ठरलेल्या मुलींची. साखरपुडा झाला की मुरुमांची आठवण होते, लग्नाआधी चार महिने गोळ्या सुरू होतात, लग्नाच्या धावपळीत कोर्स पुढे सरकतो, आणि लग्नानंतर सासरी कोणाला सांगायचं की अमुक दिवस थांबायला हवं? तारीख ठरली असेल तर ती डॉक्टरला सांगा. कित्येकदा लग्न होईपर्यंत वेगळं औषध देणं आणि हे पुढे ढकलणं शहाणपणाचं ठरतं.

“हे सगळं पुण्या-मुंबईत ठीक आहे, आमच्या तालुक्याला स्किनवाला डॉक्टर गुरुवारीच येतो, तोही दोन तास,” ही तक्रार मला माहीत आहे आणि ती खरी आहे. पण म्हणूनच तर तीव्रता बघायची! सौम्य मुरुमांना स्पेशालिस्टची गरजच नाही, तुमचे फॅमिली डॉक्टर अडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड लिहून देऊ शकतात आणि दोन्हींचा खर्च एका फेशियलपेक्षा जास्त नाही. गुरुवारचे ते दोन तास गाठी असलेल्यांसाठी, खड्डे पडायला लागलेल्यांसाठी, स्टिरॉइडने चेहरा बिघडलेल्यांसाठी आणि तीन महिने नीट औषध लावूनही फरक न पडलेल्यांसाठी मोकळे राहू देत. सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभागाची ओपीडी असते, तिथे लांबचा एक फेरा करावा लागला तरी गाठींसाठी तो करा.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. “पांढऱ्या डबीतलं, निळ्या झाकणाचं क्रीम होतं” यावरून कोणालाच काही कळत नाही. मेकअप न करता जा, पाठीवर मुरूम असतील तर तसं आधीच सांगा, पाळीची शेवटची तारीख आठवून ठेवा. आणि आत गेल्यावर “चांगलं क्रीम द्या” न म्हणता विचारा, “डॉक्टर, माझे मुरूम कुठल्या पायरीचे आहेत?”